गांधीजींनी उरुळीत मागं ठेवलेला हा माणूस गरिबाच्या गोठ्यात दुभती गाय घेऊन आला, आणि तिच्या चाऱ्याचा हिशोबही

पुण्यातून सोलापूर रस्त्याला लागलं की हडपसर मागं पडतं आणि थोड्या वेळात लोणी काळभोर येतं. आज तिथं मोठं विद्यापीठ आहे, गोदामं आहेत, रस्त्यावर वाहनांची रांग आहे. तरी या पट्ट्यात गोठे अजून टिकून आहेत. खडकवासल्याहून निघालेला उजवा कालवा इथूनच पुढं दौंड, इंदापूरकडे जातो. कालव्यानं ऊस आणला आणि उसाबरोबर जनावरांपुढं उसाचे वाढे आले.

अशा कुठल्याही गोठ्यात जाऊन विचारायचं, गाईला रोज किती खायला घालता? उत्तर पाटीत, पेंढीत नाहीतर डब्यात मिळतं. दोन पाट्या कुट्टी, चार पेंढ्या कडबा, सकाळ-संध्याकाळ एकेक डबा पेंड. किलोत उत्तर देणारा माणूस क्वचित भेटतो. आणि दूध तयार करण्याच्या एकूण खर्चात साधारण ६० ते ७० टक्के खर्च एकट्या चाऱ्या-खुराकाचा असतो. म्हणजे धंद्यातला सगळ्यात मोठा खर्च लोक अंदाजानं करतात.

घरची गाय दीड-दोन लिटर देत होती तोवर हा अंदाज खपून जायचा. बांधावरचं गवत, घरचा कडबा, उरलंसुरलं शिळंपाकं यावर तिचं भागायचं. मग याच रस्त्यावर लोणी काळभोरच्या पुढं दहा-पंधरा किलोमीटरवर असलेल्या उरुळी कांचनमध्ये एका माणसानं असं काम उभं केलं की गरीब शेतकऱ्याच्या दावणीला दहा-बारा लिटरची गाय आली. त्या गाईपुढं जुना अंदाज चालेना. त्या माणसाचं नाव मणिभाई देसाई.

उरुळीतला आठवडा

मणिभाई भीमभाई देसाई यांचा जन्म २७ एप्रिल १९२० चा. गाव कोसमाडा, जिल्हा सुरत. घर शेतकऱ्याचं. १९४२ च्या आंदोलनात हा तरुण उतरला, तुरुंगात गेला, आणि बाहेर आल्यावर गांधीजींच्या सहवासात पोहोचला.

मार्च १९४६. गांधीजींच्या डोक्यात तेव्हा निसर्गोपचाराचा विचार जोरात होता. पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांचं निसर्गोपचार केंद्र होतं. तिथंच गरिबांसाठी काही करावं असा आधी बेत होता. पण शहरातल्या केंद्रात खेड्यातला गरीब येणार कसा, हा प्रश्न गांधीजींना सतावू लागला. केंद्रच खेड्यात न्यायचं ठरलं. उरुळी कांचन निवडलं गेलं. रेल्वे स्टेशन होतं, पुणं जवळ होतं. २२ मार्चला गांधीजी तिथं आले आणि ३० मार्चपर्यंत राहिले. रोज रोगी तपासले, प्रार्थना घेतली. गावातल्या महादेव तात्याबा कांचन यांनी आश्रमासाठी जमीन दिली.

तेवढ्यात दिल्लीत कॅबिनेट मिशनच्या वाटाघाटी सुरू होणार होत्या. गांधीजींना निघावं लागलं. आश्रम सांभाळायला जी माणसं मागं राहिली त्यांत विनोबांचे धाकटे भाऊ बाळकोबा भावे होते, आणि पंचवीस वर्षांचे मणिभाई. मणिभाईंनी आपलं उरलेलं आयुष्य याच गावाला देण्याचा शब्द गांधीजींना दिला. पुढची सत्तेचाळीस वर्षं, मरेपर्यंत, त्यांनी तो पाळला. गांधीजी मात्र दोन वर्षांच्या आत गेले.

माणूस गुजराती, गाव मराठी, आणि हातात निसर्गोपचाराचं केंद्र. मणिभाईंच्या लवकरच लक्षात आलं की येणाऱ्या बहुतेकांचं दुखणं पोटात अन्न नसण्याचं आहे. माती आणि पाण्याचे उपचार करून रोग बरा होईल, पण घरी गेल्यावर खायचं काय? मग शाळा, शेती, फळबागा अशी कामं एकामागून एक सुरू झाली. आणि सुरू झाली गोशाळा.

गाईचं काम गांधीजींच्या कार्यक्रमातच होतं. १९४१ साली वर्ध्यात गोसेवा संघ निघाला होता आणि जमनालाल बजाजांनी आयुष्याचे शेवटचे महिने त्याला दिले होते. त्यामागचा विचार भावनेचा कमी आणि व्यवहाराचा जास्त होता. गाय शेतकऱ्याला परवडली तरच ती त्याच्या दारात टिकेल, नुसत्या जयघोषानं टिकणार नाही. मणिभाईंनी तो विचार अक्षरशः घेतला.

त्यांनी उरुळीत गीर गाई आणल्या. सौराष्ट्रातली ही गाय उन्हातान्हात टिकणारी आणि देशी गाईंमध्ये दुधाला चांगली. निवड, निगा आणि व्यवस्थित खाणं मिळाल्यावर आश्रमातल्या कळपाचं दूध वाढत गेलं. देशी गाईला चांगलं दूध देता येतं हे उरुळीत दिसलं. अडचण वेगळीच होती. अशा जातिवंत गाई होत्या किती? आसपासच्या गावांतल्या बहुतेक गाई कुठल्याच जातीच्या म्हणता येणार नाहीत अशा, अंगानं बारक्या, चार वर्षांच्या झाल्या तरी न व्यालेल्या आणि व्याल्यावर जेमतेम वासराचं पोट भरणाऱ्या होत्या. आश्रमातली गीर बघून शेतकरी खूश होऊन घरी जायचा, पण त्याच्या दावणीला तीच बारकी गाय उभी असायची.

ऑगस्ट १९६७ मध्ये मणिभाईंनी भारतीय ॲग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन ही संस्था काढली. सगळे तिला बायफ म्हणतात. पुढच्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली. बायफचा मार्ग असा होता की शेतकऱ्याला महागडी गाय विकत घ्यायला लावायची नाही. त्याच्या दारातल्या त्याच बारक्या गाईला होल्स्टीन किंवा जर्सी वळूचं रेतन करायचं. पैदा होणारी संकरित कालवड त्याच्याच घरी वाढेल, मोठी होईल आणि दूध देईल. उरुळीत वळू ठेवले गेले, गोठवलेल्या रेतमात्रांची प्रयोगशाळा उभी राहिली. द्रव नत्राच्या टाकीत उणे १९६ अंशांवर ठेवलेल्या कांड्या घेऊन तंत्रज्ञ मोटारसायकलवरून शेतकऱ्याच्या दारात जाऊ लागला. त्या काळात गाय माजावर आली की तिला चालवत मैलोन्मैल दवाखान्यात न्यावी लागे, आणि पोहोचेपर्यंत माज निघून जाई. दारात येणारी सेवा ही त्या वेळी फार मोठी गोष्ट होती.

टीकाही झाली. संकरित खोंडाला वशिंड नीट नसतं, जू मानेवर बसत नाही, मग बैल कुठून आणायचे? विदेशी रक्ताच्या गाईला आपलं ऊन सोसेल का? गीर, खिलार, डांगी या जाती अशानं संपणार नाहीत का? गांधीजींचा माणूस हे काय करतोय, असा सूर त्यामागं होता. यातल्या काही शंका पुढं बऱ्याच अंशी खऱ्या ठरल्या. देशी जातींचे शुद्ध कळप आटले, आणि आज त्यांच्या जतनासाठी वेगळे कार्यक्रम चालवावे लागतात. मणिभाईंच्या बाजूनं एवढं म्हणता येतं की त्यांच्यासमोर बारक्या, भाकड गाईच्या जिवावर जगणारं कुटुंब होतं आणि त्याला वाट बघायला वेळ नव्हता.

खरी मेख मात्र या वादात नव्हती. ती गव्हाणीत होती.

कांडी सरकारी असो की संस्थेची, पोट शेतकऱ्यानं भरायचं

कृत्रिम रेतनाचं काम बघणाऱ्या कुणालाही एक गोष्ट लवकर कळते. गाय उपाशी असेल तर ती माजावरच येत नाही. आली तर मुका माज, लक्षात न येणारा. रेतन केलं तर ठरत नाही. शरीराचा हिशोब सरळ आहे. मिळालेलं अन्न आधी जीव जगवायला, मग वाढीला आणि दुधाला, आणि उरलं तर पुढच्या गाभणपणाला. अन्न कमी पडलं की पुनरुत्पादनाला पहिली कात्री लागते. म्हणजे डेन्मार्कहून आणा की हॉलंडहून, उत्तमातल्या उत्तम वळूची कांडी रिकाम्या पोटाच्या गाईत वाया जाते.

दुसरी मेख कालवडीची. रेतन झाल्यापासून साधारण २८० दिवसांनी वासरू होणार. ती कालवड वाढून, गाभण राहून, व्यायला आणखी अडीच-तीन वर्षं. तेवढा काळ ती एक रुपयाही देत नाही. मग घरातलं खाणं कुणाला मिळणार? दुभत्या जनावराला. कालवड उरल्यासुरल्यावर. परिणाम असा की जी कालवड अडीच वर्षांत व्यायला हवी ती चार वर्षांची होते, आणि संकराचा फायदा तिथंच निम्मा होतो. जन्मल्यानंतर पहिल्या दिवसात वासराच्या वजनाच्या साधारण दहावा भाग चीक त्याच्या पोटात गेला पाहिजे, ही साधी गोष्टही कित्येक घरांत पाळली जात नव्हती. चिकाचा खरवस व्हायचा.

तिसरी मेख पैशाची. दोन लिटरची गाय उपाशी राहिली तर नुकसान थोडं. बारा लिटरची गाय उपाशी राहिली तर ती आधी स्वतःच्या अंगातली चरबी झिजवून दूध देते. महिना-दोन महिने मालक खूश असतो. मग बरगड्या दिसू लागतात, दूध कोसळतं, माज येत नाही, आणि गाय वर्षभर भाकड उभी राहते. कर्ज काढून घेतलेली गाय असेल तर हप्ता थांबत नाही. गरिबीतून बाहेर काढायला आणलेली गाय असं घर बुडवू शकते.

म्हणून बायफच्या कामात रेतनाबरोबर चारा आणि पशुआहार आला. उरुळीच्या केंद्रात चारापिकं लावली जाऊ लागली, आहारावर संशोधन सुरू झालं.

आता हा हिशोब असतो तरी कसा ते बघू. जनावरांना किती आणि काय द्यावं याचे तक्ते एकोणिसाव्या शतकात जर्मनीत तयार होऊ लागले. एमिल वोल्फ यांनी १८६४ साली असे तक्ते मांडले, पुढं ऑस्कर केल्नर यांनी ते सुधारले. पण ते तक्ते युरोपातल्या थंडीत सुकं गवत आणि क्लोव्हर खाणाऱ्या गाईंचे. ज्वारीचा कडबा खाणाऱ्या गाईसाठी इथल्या शास्त्रज्ञांना मोजमाप पुन्हा करावं लागलं.

पहिली पायरी गाईचं वजन. काटा नसला तरी चालतं. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात मोजायचा. खांद्यापासून बैठकीच्या हाडापर्यंत लांबी मोजायची. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. घेर ७० इंच आणि लांबी ६० इंच आली तर वजन सुमारे ४४५ किलो. धरू ४५०.

दुसरी पायरी शुष्क पदार्थ. चाऱ्यातलं पाणी काढून टाकलं तर जे उरतं ते. हिरव्या गवतात सुमारे ८० टक्के पाणीच असतं, कडब्यात जेमतेम १०. दुभत्या संकरित गाईला रोज वजनाच्या सुमारे ३ टक्के शुष्क पदार्थ लागतो. ४५० किलोच्या गाईला झाला साडेतेरा किलो. यातला साधारण दोन तृतीयांश भाग चाऱ्यातून आणि एक तृतीयांश खुराकातून यावा.

तिसरी पायरी खुराक. नेहमीचा आडाखा असा, की शरीर टिकवायला एक ते दीड किलो आणि वर प्रत्येक अडीच लिटर दुधामागं एक किलो. गाय दहा लिटर देत असेल तर दीड अधिक चार, साडेपाच किलो. जोडीला २० किलो हिरवा चारा आणि ५ किलो कडबा. आता बेरीज करू. २० किलो हिरव्यातून ४ किलो शुष्क पदार्थ, ५ किलो कडब्यातून साडेचार, साडेपाच किलो खुराकातून जवळपास ५. एकूण साडेतेरा. पोट भरलं.

पोट भरणं आणि पोषण होणं यात मात्र फरक आहे. कडब्यात प्रथिनं तीन-चार टक्केच असतात. नुसत्या कडब्यानं गाईचं पोट तुडुंब दिसेल आणि दूध मिळणार नाही. लसूणघासाच्या शुष्क भागात १८ ते २० टक्के, मक्याच्या दाण्यात ९, गव्हाच्या कोंड्यात १४-१५, शेंगदाणा पेंडीत ४०-४५. ऊर्जा मक्यात, प्रथिनं पेंडीत. दोन्ही हवं, आणि दोन्हींचा भाव वेगवेगळा.

समजा १८ टक्के प्रथिनांचा खुराक घरीच बनवायचा आहे. हाताशी ९ टक्क्यांचा मका आणि ४५ टक्क्यांची शेंगदाणा पेंड. कागदावर एक चौकोन काढायचा. मध्यभागी १८ लिहायचे. डाव्या कोपऱ्यांत वर ९, खाली ४५. आता तिरपी वजाबाकी. ४५ मधून १८ गेले, राहिले २७, हे मक्याचे भाग. १८ मधून ९ गेले, राहिले ९, हे पेंडीचे भाग. २७ ला ९, म्हणजे तीनास एक. शंभर किलोत ७५ किलो मका आणि २५ किलो पेंड. पडताळून पाहिलं तर मक्यातून पावणेसात आणि पेंडीतून सव्वाअकरा, बरोबर अठरा. पशुपोषण शिकणारा प्रत्येक विद्यार्थी हा चौकोन शिकतो, आणि सातवी-आठवी शिकलेल्या कुणालाही तो मांडता येतो. प्रत्यक्षात मका एवढा घालत नाहीत, कोंडा, चुनी, सरकी पेंड मिसळतात, शंभर किलोमागं दोन किलो खनिज मिश्रण आणि एक किलो मीठ टाकतात. पण पद्धत हीच.

जास्त घातलं तरी त्रास आहे. दाणा एकदम वाढवला की पोटात आम्ल वाढतं, गाय रवंथ सोडते, दुधाची फॅट उतरते. लग्नाच्या पंगतीतलं उरलेलं भाताचं पातेलं गाईपुढं ओतलं आणि गाय दगावली, असे प्रसंग गावोगाव ऐकायला मिळतात, त्यामागं हेच कारण असतं.

लोणी काळभोर-उरुळी पट्ट्याची स्वतःची एक गंमत आहे, ती उसाच्या वाढ्यांची. तोडणीच्या हंगामात वाढे भरपूर आणि स्वस्त. हिरवेगार दिसतात, जनावर आवडीनं खातं. पण वाढ्यांत ऑक्झलेट असतं आणि ते चाऱ्यातल्या कॅल्शियमला धरून ठेवतं. दुधातून कॅल्शियम सारखं बाहेर जात असतं, आणि वाढ्यांमुळं आत येणारं अडतं. गाय हळूहळू खंगते, व्याल्यावर बसली की उठत नाही. म्हणून नुसत्या वाढ्यांवर गाय ठेवू नये, सोबत दुसरी वैरण द्यावी, आणि वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडावी असं सांगितलं जातं. फुकट मिळणाऱ्या चाऱ्याची किंमत अशी दवाखान्यात मोजली जाते.

हवाईहून आलेलं झाड

हिशोब कळला तरी पेंड घ्यायला पैसे लागतात. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रानं चाऱ्यावाचून जनावरं छावण्यांत नेलेली पाहिली होती. अल्पभूधारकाला शेंगदाणा पेंड परवडत नाही, आणि लसूणघासाला बारमाही पाणी लागतं. प्रथिनं बांधावरच उगवली तर?

इथं सुबाभूळ आलं. हवाई विद्यापीठात जेम्स ब्रूबेकर यांनी या झाडाच्या उंच, झपाट्यानं वाढणाऱ्या वाणांवर काम केलं होतं. त्यातला के-८ हा वाण बायफनं सत्तरच्या दशकात उचलून धरला आणि मणिभाईंनी त्याचा झपाटल्यासारखा प्रचार केला. कारण कळण्यासारखं होतं. पाल्याच्या शुष्क भागात २० टक्क्यांहून जास्त प्रथिनं, मुळांवर नत्र धरणाऱ्या गाठी, कापलं की पुन्हा फुटणारं, आणि खोडाचं सरपण. बी गरम पाण्यात भिजवून लावायचं, कमरेएवढं झालं की छाटत राहायचं. गरिबाची पेंड बांधावर उभी.

पण हिशोब इथंही चुकवून चालत नव्हता. सुबाभळीच्या पाल्यात मिमोसिन नावाचं द्रव्य असतं. पाला आहाराच्या एक तृतीयांशाच्या वर गेला आणि तसाच दीर्घकाळ चालू राहिला, तर जनावराचे केस गळतात, गळ्यातली ग्रंथी सुजते, वजन घटतं. घोडा आणि कोंबडीला तर ते आणखी लवकर बाधतं. जगात या कोड्याचं उत्तर मोठं मजेदार निघालं. ऑस्ट्रेलियाचे रेमंड जोन्स यांच्या लक्षात आलं की हवाईतल्या शेळ्यांना हाच पाला खाऊन काही होत नाही. त्यांच्या पोटात मिमोसिनपासून तयार होणारं विष पचवणारे जिवाणू होते. ऐंशीच्या दशकात ते ऑस्ट्रेलियातल्या जनावरांच्या पोटात सोडले गेले आणि तिथला प्रश्न मिटला. आपल्याकडच्या शेतकऱ्याला मात्र सल्ला साधा होता. एक भाग सुबाभूळ, दोन भाग दुसरी वैरण.

१९८८ च्या सुमारास सुबाभळीवर सिलिड नावाची बारीक कीड भारतात पोहोचली आणि कोवळे शेंडे खाऊ लागली. झाडाची लाट ओसरली. रस्त्याकडेला, पडीक रानात ते आपोआप पसरलं, म्हणून त्याच्यावर उपद्रवी झाड असा शिक्काही बसला. सुबाभळीनं सगळं सुटेल अशी जी हवा त्या काळात तयार झाली होती ती फाजील होती, हे आता मान्य करायला हरकत नाही. पण चाऱ्याचं झाड लावायचं, त्याचा पाला मोजून घालायचा, ही सवय काही गावांत लागली ती त्याच काळात.

१९८२ साली मणिभाईंना लोकसेवेसाठीचा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच सुमाराला बायफनं दक्षिण गुजरातेत वांसद्याच्या आदिवासी भागात वाडीचं काम सुरू केलं. एका कुटुंबाला एक एकराच्या आसपास फळझाडं, कडेनं चाऱ्याची आणि सरपणाची झाडं. ज्याच्याकडे गाय पोसण्याइतकं काही नाही त्याला आधी गाय द्यायची नाही, आधी जमीन उभी करायची, हा धडा उरुळीच्या अनुभवातूनच आला असणार. पुढं वाडीचा हा नमुना अनेक राज्यांत गेला.

१९९३ साली मणिभाई गेले. तोवर बायफची केंद्रं कित्येक राज्यांत पसरली होती. संस्थेचं मुख्यालय पुण्यात वारज्याला आहे आणि त्या वसाहतीला त्यांचं नाव आहे. उरुळीत आज होल्स्टीन-जर्सीबरोबर गीर, साहिवाल यांसारख्या देशी वळूंच्याही रेतमात्रा तयार होतात. निसर्गोपचार आश्रमही चालू आहे.

आणि गव्हाणीचा हिशोब? राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं गेल्या दशकात संतुलित आहाराचा कार्यक्रम देशभर राबवला. गावातलाच एखादा प्रशिक्षित माणूस गोठ्यात येतो, टेपनं छातीचा घेर मोजतो, दूध आणि फॅट टिपतो, गाय कितव्या महिन्याची गाभण आहे ते विचारतो, घरात कोणकोणता चारा आहे आणि त्याचा भाव काय ते भरतो. संगणक त्यातून सगळ्यात कमी खर्चाचं मिश्रण काढून देतो. चौकोनात दोनच वस्तू मावायच्या, इथं वीस मावतात, आणि भावही जमेस धरला जातो. अशा मोजणीनंतर बऱ्याच गोठ्यांत एकाच वेळी दोन गोष्टी सापडतात. पेंड गरजेपेक्षा जास्त चाललेली असते, आणि पन्नास-शंभर ग्रॅम खनिज मिश्रण, जे रोज गव्हाणीत पडायला हवं, ते कधी आणलेलंच नसतं.